विश्वाचा चिकटपणा

काकवीच्या भांड्यात पळी गरगर फिरवा आणि थांबवा. भोवरा लगेच विरतो. पाण्यात मात्र तो बराच वेळ फिरत राहतो. लगतच्या थरांचे वेग वेगळे असले की त्यांच्यात घर्षण होते आणि गतीची उष्णता होते. याला श्यानता म्हणतात. हीच गोष्ट अख्ख्या विश्वाला लावली तर?

प्रश्न वाटतो तितका खुळा नाही. १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे प्रारण सापडले. ते सगळीकडून जवळजवळ सारखेच. १९९२ साली कोबे उपग्रहाने त्यातले बारीक फरक टिपले, ते लाखात एखादा भाग एवढेच! आइन्स्टाइनची समीकरणे मात्र विश्वावर असे बंधन घालत नाहीत. कास्नर यांनी १९२१ साली काढलेल्या उत्तरात अवकाश दोन दिशांनी ताणले जाते आणि तिसऱ्या दिशेने आकसते. अशा विश्वाला विषमदिक् म्हणतात. मग आपलेच एवढे नीटनेटके कसे?

चार्ल्स मिस्नर यांनी १९६८ साली म्हटले, सुरुवात कशीही असो, श्यानतेने ते सारखे केले. त्यांची काकवी म्हणजे न्यूट्रिनो हे कण. ज्या दिशेने प्रसरण वेगाने होते, त्या दिशेने धावणाऱ्या कणांची ऊर्जा जास्त घटते, इतरांची कमी. टकरींतून ही तफावत वाटली जाते आणि विषम प्रसरणाचा जोर उष्णतेत जिरतो. गंमत अशी, की टकरी फार झाल्या तर तफावत साचतच नाही आणि फार थोड्या झाल्या तर ती वाटली जात नाही. विश्व सुमारे एक सेकंदाचे असताना न्यूट्रिनो टकरींतून सुटत होते. ती नेमकी मधली वेळ.

मला ही कल्पना आजही देखणी वाटते. पण उष्णता लपवता येत नाही ना! बॅरो आणि मॅट्झनर यांनी १९७७ साली तोच हिशेब मांडला. विषमता जितकी लवकर घासून काढावी, तितकी उष्णता अधिक. आज विश्वात एका प्रोटॉनमागे दीडशे कोटींच्या आसपास प्रकाशकण आहेत. म्हणजे सुरुवातीचा ओबडधोबडपणा हवा तेवढा मानता येत नाही. त्याआधी, १९७३ साली, कॉलिन्स आणि हॉकिंग यांनीही दाखवले होते, की शक्य त्या आरंभांपैकी फारच थोडे शेवटी समदिक् होतात.

१९८१ साली गुथ यांनी निराळी वाट काढली. घासायचे नाही, क्षणार्धात प्रचंड ताणायचे. आज बहुतेकांचा कल तिकडे आहे. २०१६ साली प्लँक उपग्रहाची निरीक्षणे पुन्हा चाळली गेली. विश्वाने एखाद्या दिशेला झुकते माप दिल्याची खूण मिळाली नाही.