कानात खडे, दारात झोका

आपल्या प्रत्येकाच्या कानात बारीक खडे असतात. चुनखडीच्याच जातीचे, कॅल्शियम कार्बोनेटचे, पण नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतके लहान. आतल्या कानात एका चिकट थरावर ते रुतून बसलेले असतात. मान कलली, पाय घसरला, एसटीनं करकचून ब्रेक मारला, की खडे किंचित सरकतात. त्यांच्याखालच्या पेशींचे बारीक केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते की आपण हललो. तुळईला टांगलेल्या झोक्यावर मूल बसतं, तेव्हा हेच खडे एका लयीत मागेपुढे होत असतात!

वसमतच्या एखाद्या घरी संध्याकाळी पाचला काय होतं ते पाहा. स्वमग्न किंवा अतिचंचल मूल शाळेतून येतं. बाईंचं म्हणणं, दिवसभर अगदी शहाण्यासारखा होता. आणि उंबऱ्यात पाऊल पडताच दप्तर भिरकावलं जातं, किंचाळ्या सुरू होतात. शेजारीपाजारी म्हणतात, लाडावून ठेवलंय. त्यानं दिवसभर काय सोसलं हे कोणी मोजत नाही. पत्र्याखाली घुमणारा वर्गाचा गलका, घंटा, खिचडीचा वास, गणवेशाची टोचणारी कॉलर. हळदीचा हंगाम असला तर मोंढ्याच्या रस्त्यावर धूळ, उग्र दरवळ आणि ट्रॅक्टरचे हॉर्न. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, गावाला तिचा अभिमान आहे. या मुलाच्या नाकाला मात्र ती फार होते. आपला मेंदू यातलं बरंच परस्पर गाळून टाकतो. अशा अनेक मुलांचा मेंदू तसं गाळत नाही. शाळेत ते कसंबसं आवरून धरतात आणि जिथे कोणी टाकून देणार नाही अशी खात्री असते, तिथे सोडतात. म्हणून तो आईवरच ओरडतो.

मग उतारा काय? इथे शरीराची आणखी एक करामत कामाला येते. डोळे मिटून बोट नाकाला लावा. न पाहता ते बरोबर पोहोचतं, कारण स्नायू आणि स्नायुबंधांत ताण मोजणारी सूक्ष्म यंत्रणा आहे. इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 मध्ये या जाणिवेला नाव दिलं. पण ताणाचा विद्युतसंदेश होतो कसा, हे कळायला आणखी शंभरेक वर्षं लागली. पेशीच्या पडद्यात ‘पिएझो-2’ नावाचं प्रथिन असतं. पडदा ताणला की त्याचं दार उघडतं. पिएझो प्रथिनं शोधणारे आर्डेम पाटापुटियन 2021 च्या नोबेलचे मानकरी ठरले.

अमेरिकेतल्या जीन आयर्स यांनी तोलाच्या आणि स्नायूंच्या याच जाणिवांचा संबंध मुलांच्या शिकण्याशी जोडला. त्यांचं पुस्तक 1972 चं. तेव्हापासून ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलांना शांत करायला ढकलण्या-ओढण्याची, उचलण्याची कामं देतात. त्यासाठी महागडं सामान लागत नाही. हातपंप दाबणं, कणीक तिंबणं, दळणाची पिशवी गिरणीतून आणणं, सगळं चालतं.

दाबाची गोष्ट तर आपल्या शेतकऱ्यांना लगेच पटावी. बैलाला इंजेक्शन देताना खोड्यात घालतात. टेम्पल ग्रँडिन या स्वमग्न मुलीनं मावशीच्या गुरांच्या फार्मवर तसाच खोडा पाहिला. त्यात दाबली गेलेली काही गुरं शांत होत होती. तिनं 1960 च्या दशकात स्वतःसाठी तसं यंत्र बनवलं आणि पुढे ती पशुविज्ञानाची नामांकित प्राध्यापक झाली.

आजीला हे सगळं आधीच ठाऊक होतं, असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. तेलाचा हलका हात काही मुलांना गुदगुल्यांसारखा नकोसा होतो, त्यांना घट्ट दाब चालतो. संथ, एका दिशेचा झोका निववतो. तोच गरगर फिरवला तर मूल आणखी चेकाळू शकतं. जड पांघरुणाबद्दल ब्रिटनमधली 2014 ची चाचणी सांगते की स्वमग्न मुलांची झोप त्यानं वाढली नाही. तरी मुलांना आणि आईवडिलांना साध्या पांघरुणापेक्षा तेच आवडलं. म्हणजे वाकळ द्यायला हरकत नाही, पण मुलाला ती स्वतः बाजूला सारता आली पाहिजे आणि ती तोंडावर येता कामा नये. झोक्यानं स्वमग्नता बरी होते असं कोणी पैसे घेऊन सांगत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. झोक्यानं फार तर संध्याकाळ सुसह्य होते, आणि त्या घराला तेवढंही पुष्कळ असतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची शाळा-अंगणवाडीत मोफत तपासणी होते आणि गरज असेल तर त्यांना पुढच्या उपचारासाठी पाठवलं जातं. तपासणीचं पथक शाळेत आलं की संध्याकाळचं हे वागणं त्यांना जरूर सांगा. शाळेच्या वेळात ते त्यांना दिसणार नाही. आणि मूल घरी आल्यावर पहिला अर्धा तास ‘आज काय शिकलास?’ हे विचारू नका. आधी पाणी द्या, काही चावायला द्या आणि झोका रिकामा ठेवा.