इंग्रजीतला ‘च’ कोठे असतो?

ताडोबाच्या जंगलात पाहुण्यांना वाट दाखविणारा आपल्याकडचा एखादा तरुण गाडीत म्हणतो, ‘आय सॉ द टायगर हिअर यस्टर्डे.’ व्याकरण बिनचूक, शब्दही सोपे. तरीही परदेशी पाहुणे ‘काय म्हणालात?’ म्हणून पुन्हा विचारतात. तरुण ओशाळतो, आपले इंग्रजी कच्चे, असे मनाशी घेतो. वास्तविक उणीव शब्दांत नसते, आवाजात असते.

हेच वाक्य मराठीत कसे होईल? ‘मीच काल इथे वाघ पाहिला’, ‘मी कालच इथे वाघ पाहिला’, ‘मी काल इथेच वाघ पाहिला’. एक ‘च’ इकडचा तिकडे नेला की अर्थ पालटतो. शिवाय ‘तर’, ‘ना’, ‘का’ अशी छोटी अव्यये हाताशी असतात, आणि शब्दांची जागाही आपण सहज बदलतो. इंग्रजीत शब्दांचा क्रम पुष्कळसा बांधलेला, आणि ‘च’सारखे अव्यय तर नाहीच. म्हणून ते काम तिने आवाजावर सोपविले. ‘आय’वर जोर दिला की ‘मीच’, ‘हिअर’वर दिला की ‘इथेच’, ‘यस्टर्डे’वर दिला की ‘कालच’.

जोर म्हणजे ओरडणे नव्हे. त्या शब्दाचे मुख्य अक्षर थोडे लांबवावयाचे, स्वर किंचित चढवावयाचा, आणि भोवतालचे शब्द हलके व जलद सोडावयाचे. शब्दाच्या पोटातही असेच असते. ‘फोटोग्राफ’मध्ये भार पहिल्या अक्षरावर, तर ‘फोटोग्राफी’त तो दुसऱ्यावर सरकतो. आपण मात्र सारी अक्षरे सारख्या वजनाने उच्चारतो. मग ऐकणाऱ्याला ते ‘च’ आणि ‘तर’ गाळून टाकलेल्या मराठीसारखे सपाट वाटते.

‘च’प्रमाणेच ‘का’चेही आहे. ‘चहा घेता का?’ यातील ‘का’ इंग्रजीत पुष्कळदा चढत्या स्वरातच दडलेला असतो. तो न चढला तर काय होते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. सांगलीजवळच्या कुपवाडात मराठी, कन्नड आणि उर्दू एकमेकींत कशा मिसळल्या, याचा अभ्यास करणारे भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी १९८२ साली आपल्या ग्रंथात ते सांगितले. ब्रिटनमधील एका विमानतळाच्या उपाहारगृहात भारतीय व पाकिस्तानी स्त्रिया वाढण्याच्या कामावर होत्या. मांसावर रस्सा हवा का, हे विचारताना त्या ‘ग्रेव्ही’ एवढेच म्हणत. पण उतरत्या स्वरात. इंग्रज गिऱ्हाइकांना त्यात विचारणा ऐकू येईना, उद्धटपणा ऐकू येई; आणि त्या स्त्रियांना वाटे, आपल्याशीच दुजाभाव होतो आहे. ध्वनिफीत लावून हा भेद उलगडला, तेव्हा दोन्ही बाजूंना उमज पडली. एका स्वराच्या चढउतारावर माणसांची मने दुरावली होती!

ही विद्या आपल्याला परकी नाही. वडशाच्या नाटक मंडळ्यांचे झाडीपट्टीतले प्रयोग आपण रात्ररात्र जागून पाहतो. तिथला कसलेला नट सगळी वाक्ये एका सुरात म्हणत नाही. कोठे थांबावे, कोणता शब्द उचलावा, हे तो जाणतो, म्हणून मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही गोष्ट कळते. तीच जाण इंग्रजीकडे वळवावयाची.

रीत सोपी आहे. वाक्य बोलण्यापूर्वी ते मनात मराठीत म्हणावे आणि ‘च’ कोठे पडतो ते पाहावे. इंग्रजी वाक्यात त्या शब्दाखाली रेघ ओढावी. अर्थ जेथे पुरा होतो तेथे उभी खूण करून तेथेच थांबावे. दम संपला म्हणून मध्येच नव्हे. मग मोठ्याने तीनदा वाचून आपलाच आवाज मोबाइलवर ऐकावा. मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींनी महिनाभर रोज दहा मिनिटे एवढे करून पाहावे.

साहेबाची नक्कल करण्याची मुळीच गरज नाही. उच्चाराला वऱ्हाडी किंवा झाडीबोलीचे वळण राहिले म्हणून काही बिघडत नाही. आपला ‘च’ मात्र समोरच्याच्या कानी पडला पाहिजे.