आवा लुटण्याआधी

मकरसंक्रांतीला सुवासिनी मातीचे जे लहान गाडगे वाण म्हणून देतात, ते सुगड. 'सुघट', म्हणजे चांगला घडवलेला घट, या शब्दावरून हे नाव आले असे मानतात. त्यात हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, बोरे, गाजर, गव्हाच्या ओंब्या आणि तिळगूळ भरतात; गळ्याला दोरा गुंडाळतात, अंगावर हळदीकुंकवाची बोटे ओढतात. आतला जिन्नस शेतातला, भांडे आव्यातले.

आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. साध्या आव्याला चिमणी नसते, दार नसते. जमिनीतल्या उथळ खड्ड्यात गोवऱ्या, लाकूड आणि पेंढा पसरून त्यावर उन्हात वाळवलेली भांडी रचतात, वर पुन्हा जळण घालतात आणि फुटकी खापरे, राख, चिखल यांनी ढीग झाकतात. आच हळूहळू चढावी लागते. मातीत ओल उरली असेल तर १०० अंश सेल्सिअसला तिची वाफ होते, आणि वाफेला वाट मिळाली नाही की भांडे तडकते. सुमारे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेले पाणीही निघून जाते. इथून परतीची वाट नाही: कच्चे मडके पाण्यात विरघळून पुन्हा चिखल होते, भाजलेले होत नाही. उघड्या आव्याची आच साधारण ६०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. हवा खेळती राहिली तर मातीतल्या लोहामुळे भांडे तांबडे होते. हवा कोंडून धूर आत जिरवला तर काळे. म्हणून सुगडे दोन्ही रंगांत दिसतात. रंगवलेली, आरसे लावलेली सुगडेही हल्ली मिळतात. त्यांत आव्याचा रंग दिसतच नाही.

एवढ्या आचेत मातीची काच होत नाही. भांड्याला सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून पाझरलेले पाणी वाळताना माठ गार होतो, पण त्याच छिद्रांत अन्नाचा अंशही मुरतो. धातूचे भांडे घासून पुन्हा पूजेला चालते. वापरलेले मातीचे चालत नाही. सुगड दरवर्षी नवे लागते, नवरात्राचा घट नवा लागतो, अक्षय तृतीयेला पितरांच्या नावे पाण्याने भरून द्यायची घागरही नवीच. बलुतेदार कुंभाराचे वर्ष बऱ्याच अंशी या नवेपणावर चाले, आणि मोबदला सुगीत धान्याच्या रूपाने मिळे.

मृतांसोबत मातीची भांडी देण्याची रीतही महाराष्ट्रात फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली: हाताने घडवलेले दोन जाड करडे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आणि शेजारी चाकावर घडवलेली, जोर्वे शैलीची रंगीत भांडी. दफनाचे रांजण ओबडधोबड, सोबत दिलेली भांडी मात्र नीटस.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात वस्तू वाटण्याला 'आवा लुटणे' म्हणतात. आता त्यात स्टीलच्या वाट्या, प्लॅस्टिकचे डबे, कापडी पिशव्या लुटल्या जातात. आव्यातून आलेले सुगड बहुधा पूजेपुरते उरते, आणि सण सरला की तुळशीपाशी जाऊन बसते.