वणव्याच्या वाटेवरचं घर आणि विमा

कॅलिफोर्नियात डोंगरउतारावर घर घ्यायचं तर विम्याची चौकशी आधी करावी; विम्याशिवाय बँक गृहकर्ज देत नाही. 'स्टेट फार्म' या विमा कंपनीने मे २०२३मध्ये तिथे नवे घरविमे देणं थांबवलं. नफेखोर कंपन्या पळाल्या, हे अर्धंच उत्तर. १९८८च्या 'प्रपोझिशन १०३' या कायद्यामुळे दरवाढीला राज्याची मंजुरी लागते, आणि अलीकडेपर्यंत दर ठरवताना वणव्याचा धोका जुन्या नुकसानीवरूनच मोजावा लागे. हप्ता आटोक्यात राहिला, पण विकणारेच कमी झाले.

मग उरतो १९६८पासूनचा 'फेअर प्लॅन'. तो सरकारी नाही. विमा कंपन्याच तो मिळून चालवतात. घरमालकाला कमाल ३० लाख डॉलरचं संरक्षण मिळतं, पण मुख्यतः आग-धुराचं. चोरी झाली, नळ फुटला, पाहुणा पायरीवरून पडला, तर त्यासाठी वेगळी पूरक पॉलिसी हवी, आणि नेमकी तीच लोक विसरतात. जानेवारी २०२५च्या लॉस एंजेलिसच्या आगींनंतर या योजनेला सदस्य कंपन्यांकडून १ अब्ज डॉलर मागावे लागले. म्हणून ती शेवटचा पर्यायच समजावी. त्याआधी स्वतंत्र एजंटाला गाठावं, भिंतीलगतची पाच फूट जागा झुडपं-लाकडापासून मोकळी ठेवावी, झरोक्यांना ठिणग्या अडवणारी बारीक जाळी लावावी. अशा कामांसाठी हप्त्यात सूट देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. विमा देणं मात्र नाही. शेजारचं घर पेटलं तर आपली जाळी काय करणार, हा आक्षेप दाट वस्तीत खराच आहे. म्हणूनच अख्ख्या वस्तीने मिळून केलेल्या तयारीलाही वेगळी सूट आहे.