छापील पाठ आणि पुढील शोधन

पोथीचा पाठ एकदां छापला, कीं तो कायमचा ठरला, अशी समजूत आपल्याकडे अद्यापि दृढ आहे. ती संपादकांस सोयीची असेल, संशोधनास मात्र घातक आहे.

याहून निराळी रीत पुण्यांतच घडून गेली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलें. त्यांपैकीं विराटपर्व उटगीकर यांनीं १९२३ सालीं छापलें, परंतु केवळ कच्ची आवृत्ति म्हणून. तिच्या प्रती विद्वानांस विनामूल्य धाडून टीका व सूचना मागविल्या. हेंच पर्व पुढें रघुवीर यांनीं नव्यानें संपादिलें व तें १९३६ सालीं निघालें. उटगीकरांचे श्रम त्यामुळें वायां गेले असें कोणी म्हणेल, तर त्यास कच्च्या आवृत्तीचा हेतूच कळला नाहीं.

आदिपर्वाची परीक्षा अधिक कठीण होती. सुखठणकरांनीं तें १९३३ सालीं पुरें केलें, आणि त्यानंतर नेपाळांतील एक फार जुनी पोथी उपलब्ध झाली. सुखठणकरांनीं ती आपल्या पाठाशीं ताडून संस्थेच्याच नियतकालिकांत तिजवर लेख लिहिला. पोथीनें त्यांच्या निर्णयांस बव्हंशीं दुजोराच दिला. ही ताडणी शक्य झाली ती पानोपानीं पाठभेद व प्रतींचीं चिन्हें नोंदलेलीं होतीं म्हणून. नुसती स्वच्छ संहिता छापली असती, तर ताडावयाचें कशाशीं?

आतां घराजवळचें पाहूं. तुकारामबोवांच्या गाथेची १८६९ सालीं निघालेली पंडितद्वयाची आवृत्ति देहू, तळेगांव, कडूस व पंढरपूर येथील वह्यांच्या आधारें सिद्ध झाली. पंढरपूर सोडल्यास हा सारा आमच्याच टापूंतला ऐवज. देहू व आळंदी यांच्या मधल्या मोशीस एखाद्या घरीं उद्यां अभंगांचें बाड निघालें व त्यांत निराळा पाठ आढळला, तर त्या गृहस्थानें तो कळवावा कोणास? नवी आवृत्ति निघेपर्यंत बाड वाळवीपासून वांचेलच, याची हमी कोण देणार?

म्हणून प्रत्येक अंकांत कांहीं पानें पूर्वी छापलेल्या पाठांच्या दुरुस्तीस राखावीं, अशी आमची सूचना आहे. पोथी कोठली, पानें किती, लेखनशक असल्यास कोणता, आणि छापील पाठाहून फरक कोठें, एवढें कळविलें तरी पुरे. मूळ बाड मालकानें हातचें सोडण्याचें कारण नाहीं. वादग्रस्त पानाचें छायाचित्र मात्र सोबत असावें. मूळ संपादकाचें उत्तर आल्यास तें त्याच पानांत, शक्य तों पुढच्याच अंकीं यावें.