रॉक बँडमधला खर्ज: बेस गिटारच्या तारा कशा निवडायच्या

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी श्रोत्यांतून एक प्रश्न आला होता आणि वेळ संपल्यामुळे तसाच राहिला. घरी वाजवताना बेस गिटारचा आवाज गोल, भरदार येतो; पण बँडबरोबर उभं राहिलं की आपण वाजवतोय की नाही हेच कळत नाही. दुकानदार म्हणतो तारा बदला. तर कोणत्या घ्यायच्या?

तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे काय विचारायचं, असं वाटेल. पण तारेचा ताण, लांबी, वजन आणि तिचा स्वर यांचं गणित १६३६ साली ज्याने ग्रंथात मांडलं, तो मारँ मेर्सेन हा देकार्तचा मित्र आणि पत्रव्यवहारातला सोबती होता. तेव्हा आम्ही अगदीच परक्या अंगणात शिरतोय असं नाही.

सुरुवात तंबोऱ्यापासून करू. खर्जाची तार छेडली की चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. तार मूळ कंपनाबरोबरच दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनंही करत असते, आणि पाचपटीतला तो गंधार. या वरच्या स्वरांना आज आपण उपस्वर म्हणू. एवढं ध्यानात ठेवलं की बाकीचं सोपं आहे.

बेस गिटारची सर्वांत जाड तार, ई, सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. त्यापुढच्या ए, डी आणि जी अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८. इतका खालचा स्वर आपल्या कानाला मंदच लागतो आणि लहान स्पीकरमधून तर तो जवळजवळ बाहेरच पडत नाही. तरीही आपण स्वर ओळखतो, कारण ८२, १२३, १६४ असे उपस्वर ऐकून कान खालचा मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणजे बेस ‘ऐकणं’ हे बऱ्याच अंशी त्याचे उपस्वर ऐकणं असतं.

आता बँड सुरू झाला असं समजा. ड्रमच्या मोठ्या पिंपाचा ठोका तळाची जागा घेतो. गिटारची सर्वांत खालची तार ८२ कंपनांची, म्हणजे नेमकी आपल्या ई तारेच्या पहिल्या उपस्वरावर बसलेली. त्यात डिस्टॉर्शन लावलं की ती मधला सगळा पट्टा व्यापून टाकते, आणि वरची जागा झांजांची. घरी जो गोल, मऊ आवाज आवडला होता त्यात तळ भरपूर आणि उपस्वर थोडे. त्यातला तळ ढोलात मिसळला, उरलेलं गिटारखाली झाकलं गेलं. आवाज गेला नाही, त्याची ओळख गेली. आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी शब्दाला गुण मानलं, पण इथे तारेचा ‘चांगला आवाज’ हा तारेचा एकटीचा गुण राहत नाही. शेजारी कोण काय वाजवतंय यावर तो ठरतो.

मग साहजिकच अँपचं बटण फिरवलं जातं. बेस वाढला की गिटारवाला वाढवतो, मग ड्रमर जोरात मारतो. हे हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो आणि पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं! बंद खोलीतल्या रॉकच्या तालमीत हा आकडा सहज गाठला जातो. ‘द हू’चा पीट टाउन्शेंड आपल्या श्रवणदोषाबद्दल जाहीरपणे बोलत आला आहे. तेव्हा आवाज न वाढवता ऐकू येईल अशी तार निवडणं, हा कानांचाही प्रश्न आहे.

‘द हू’चाच बेसवादक जॉन एंटविसल इथे महत्त्वाचा. जाड तारेत मधे पोलादी गाभा असतो आणि त्याभोवती दुसरी तार गुंडाळलेली असते. नुसतीच जाड तार लावली तर ती ताठ होऊन बेसूर वाजेल, म्हणून वजन असं बाहेरून वाढवतात. त्या काळी ही वरची गुंडाळी बहुधा चपट्या पट्टीची असे. तिला फ्लॅटवाउंड म्हणतात. बोट गुळगुळीत सरकतं, आवाज मऊ. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसन अशाच जाड फ्लॅटवाउंड तारा वाजवी आणि त्या सहसा बदलत नसे. त्याच्याभोवती विकृत गिटारांची भिंत नव्हती, तिथे ते शोभलं. एंटविसलला मात्र पियानोच्या खालच्या पट्टीसारखा खणखणीत आवाज हवा होता. १९६६ साली रोटोसाउंडच्या जेम्स हाउ यांच्याबरोबर बसून, पुन्हा पुन्हा तारा करून बघून, गोल तारेची गुंडाळी असलेला संच तयार झाला. हीच राउंडवाउंड तार. ‘द हू’मध्ये गिटार एकच, त्यामुळे वरची मोकळी जागा एंटविसलने बेसने भरली.

दणदणीत बँडसाठी आमचं मत स्पष्ट आहे: राउंडवाउंड घ्या. स्टेनलेस स्टीलच्या सर्वांत तेज, पण बोटांना खरखरीत आणि फ्रेट लवकर झिजवणाऱ्या. निकेलचा मुलामा दिलेल्या स्टीलच्या थोड्या सौम्य. बहुतेकांनी तिथूनच सुरुवात करावी. दोन गिटारींखाली दबून जात असाल तर मग स्टेनलेस. दुकानात एकट्याने वाजवून मात्र निकाल देऊ नका. तिथे जी खरखर आणि फ्रेटवरचा टणत्कार कानाला खुपतो, तोच बँडमध्ये खरखर म्हणून ऐकू येत नाही. तेवढ्यानेच स्वराची कड दिसते.

तारेच्या वयाकडे लोक फार दुर्लक्ष करतात. घाम आणि मळ गुंडाळीच्या फटींत बसतो आणि सगळ्यात आधी वरचे उपस्वर मारतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घाम जास्त, त्यामुळे प्रत्येक वेळी वाजवून झाल्यावर तार कोरड्या फडक्याने पुसायचीच. स्टीव्ह हॅरिसचं उदाहरण घ्या. आयर्न मेडन तीन गिटारींचा बँड, आणि हा गृहस्थ वाजवतो फ्लॅटवाउंड! म्हणजे आमचा सिद्धांत कोसळला का? नाही. तो प्रत्येक कार्यक्रमाला नव्या तारा चढवतो आणि बोटं अशी आपटतो की तार फ्रेटवर वाजते. कोऱ्या तारेचं तेज आणि हाताचा मारा, यातून त्याला तीच कड मिळते. तुमचा हात मऊ असेल तर त्याची नक्कल करून उपयोग नाही.

राहिली जाडी. ती इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. सर्वसाधारण संच ४५-६५-८५-१०५ असा; म्हणजे ई तार सुमारे पावणेतीन मिलिमीटर. जोरात वाजवणाऱ्याने फार बारीक तारा लावल्या तर प्रत्येक आघाताला स्वर क्षणभर चढतो आणि तार फ्रेटवर लोळते. इथे मेर्सेन कामाला येतो: लांबी आणि वजन तेच असेल तर ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. एक पूर्ण स्वर खाली उतरवला की कंपनं ११ टक्क्यांनी घटतात, पण ताण २१ टक्क्यांनी. ब्लॅक सॅबथने १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मध्ये काही गाण्यांसाठी तीन अर्धस्वर उतरवले, तिथे ताण २९ टक्के जातो. तुमचा बँड उतरवून वाजवत असेल तर ५०-७०-९०-११० सारखा जाड संच हवा. उतरवत नसेल तर जाडीच्या मागे लागू नका. फार जाड तार ताठ होते, उपस्वर सुरातून सरकतात आणि पुन्हा तोच ढब्ब आवाज.

जाडी बदलली तर दांड्यावरचा ओढा बदलतो. चार तारांचा मिळून तो ७०-८० किलोच्या घरात असतो, त्यामुळे दांड्याच्या आतली सळई जुळवून घ्यावी लागते, आणि वरच्या टोकाच्या पट्टीतली खाच नव्या ई तारेला अरुंद पडत असेल तर ती जाणत्या कारागिराकडूनच घासून घ्या. हे होईपर्यंत नव्या तारा चांगल्या की वाईट, ते ठरवू नका.