सेकंदाला एक पेशी, महिन्याला वणी ते यवतमाळ

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. नुसता आकडा ऐकून काही डोक्यात शिरत नाही, म्हणून घरचा हिशेब घालू. २०११च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ भरली. एकाच डोक्यातल्या पेशी या सगळ्यांना, पाळण्यातल्या पोरांसकट, वाटायला काढल्या तर दरडोई ३१ हजार येतात. आणि हा सगळा ऐवज दीड किलोच्या आत!

वय वाढतं तशी त्याला गळती लागते. डेन्मार्कच्या बेंटे पाकेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतांच्या मेंदूंतल्या पेशींची मोजदाद केली. मेंदूच्या बाहेरच्या थरातून दिवसाला साधारण ८५ हजार पेशी कमी होतात, असा हिशेब निघाला. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे जवळजवळ सेकंदाला एक! तरीही विशीपासून नव्वदीपर्यंतची एकूण घट दहा टक्क्यांच्या आतच राहते. घर बुडावं एवढा हा तोटा नाही.

मोठा खड्डा पडतो तो पेशींना जोडणाऱ्या तंतूंत. या तंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टन असतं. वेष्टन असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला १०० मीटरच्या वर धावतो. वेष्टन नसेल तर मीटरभर सरकतो. २००३ साली याच गटाने मांडलेला हिशेब असा: विशीतल्या पुरुषाच्या मेंदूतले असे तंतू सलग जोडले तर लांबी १,७६,००० किलोमीटर, पृथ्वीला चार वेढे देऊन उरेल इतकी. ऐंशीव्या वर्षी उरतात ९७,२००. सरासरी काढा, रोजचे ३.६ किलोमीटर जातात. महिन्याला साधारण वणी ते यवतमाळ.

त्याच वणीत १८८० साली जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी उतारवयात टिळकांचं चरित्र संस्कृत श्लोकांत रचलं. श्लोक किती? बारा हजार! मरणोत्तर, १९७३ साली, त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अर्थात साठवलेलं ज्ञान म्हातारपणी टिकतं, हे शास्त्रालाही मान्य आहे. लवकर थकते ती लवचीकता: हातातलं सोडून दुसऱ्यात शिरणं, नियम बदलला की आपणही बदलणं.

ती मोजायची एक प्रसिद्ध चाचणी आहे. कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं आलटूनपालटून रेघेने जोडायची: १, मग अ, मग २, मग आ. कॅनडातल्या नोंदींत विशीतली माणसं हे पन्नासेक सेकंदांत उरकतात. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या शिकलेल्यांना १०० लागतात, कमी शिकलेल्यांना १३०.

इथे माझी कुरकूर आहे. पाटीला कधी हातच न लागलेली तांड्यावरची आजी या कागदापुढे काय करणार? तिलाच पांढरकवड्याच्या बाजारात पाहा. नातवाला गोरमाटी बोलीत दटावते, तुरीच्या भावावरून व्यापाऱ्याशी मराठीत हुज्जत घालते, सीमेपलीकडून आलेल्या गिऱ्हाइकाशी मोडक्यातोडक्या तेलुगूत बोलते आणि तेवढ्यात सुट्टे पैसेही मोजते. याच जिल्ह्यात कोलामी आहे, गोंडी आहे, उर्दू आहे. दर वाक्याला डोक्यात एक भाषा दाबून दुसरी वर काढावी लागते, आणि हा सराव वयाच्या सहाव्या वर्षापासूनचा.

त्याचा उपयोग होतो का, हे यवतमाळच्या दक्षिणेला, हैदराबादेत तपासलं गेलं. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकभाषिकांपेक्षा दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा आला. निरक्षरांत तर सहा वर्षं. सगळ्याच अभ्यासांना असा फरक दिसलेला नाही, पण निरक्षरांतला हा आकडा शाळेच्या खात्यावर टाकता येत नाही. वरच्या सरासरीने सहा वर्षांत ७,९०० किलोमीटर तंतू जातात. तेवढे जाऊनही त्या माणसांचा बाजार सुरूच होता.